आमची वाटचाल: कुठली चौकट भरायची

दादरला वडिलांच्या टायपिंग क्लासच्या पोटमाळ्यावर २०११ साली मी आणि भागीदाराने धंदा मांडला. फ्रीबीएसडी ही युनिक्सच्या जातीची ऑपरेटिंग सिस्टिम. गिऱ्हाइकांच्या फ्रीबीएसडी सर्व्हरसाठी पॅकेजं, म्हणजे चालवायला तयार प्रोग्रॅम, आधीच कंपाइल करून (सोर्स कोडपासून बांधून) ठेवायची, त्यांनी फक्त उतरवून घ्यायची. भागीदार पुढे पुण्याला गेला.

पहिलं गिऱ्हाईक लोअर परळचे प्रेसवाले काका. प्रूफच्या पीडीएफवरून छोटी चित्रं काढायला त्यांना इमेजमॅजिक हा प्रोग्रॅम हवा होता. बांधण्याआधी ‘मेक कॉन्फिग’ ही आज्ञा दिली की निळा पडदा येतो, त्यात पर्यायांच्या चौकटी. चौकट भरली की तो पर्याय चालू. एक्स-११ची, म्हणजे स्क्रीनवर खिडक्या दाखवणाऱ्या यंत्रणेची, चौकट आधीच भरलेली. ज्या सर्व्हरला स्क्रीनच नाही, त्याच्या गळ्यात ही सगळी वरात कशाला? काढून टाकली. काका मागे उभे. म्हणाले, “एवढं काढतोयस, मग पैसेही कमी कर की!”

एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड आलं: ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतलं भगदाड, तिच्या ‘हार्टबीट’ या सोयीत. हे हार्टबीट कंपाइल करतानाच बंद करता येत होतं. आमच्या एकाही गिऱ्हाइकाला ते लागत नव्हतं, पण मुळात चालू होतं म्हणून आम्हीही चालूच ठेवलेलं. रात्रभर बसून सगळं पुन्हा बांधलं, एन्क्रिप्शनच्या किल्ल्या बदलल्या. त्यातून शहाणपण यायला हवं होतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात लॅमिंग्टन रोडवरून हॅसवेलचं, म्हणजे इंटेलच्या नव्या पिढीच्या प्रोसेसरचं, कोरं मशीन आणलं. वेग मिळेल म्हणून मेक-कॉन्फ या बांधणीच्या सेटिंगच्या फाइलीत ‘सीपीयूटाइप’ नेटिव्ह करून बसलो. नेटिव्ह म्हणजे बांधणाऱ्या मशीनचा प्रोसेसर, चालवणाऱ्याचा नव्हे, हे मला काय माहीत नव्हतं? माहीत होतं. तरी केलं. काकांचा सर्व्हर जुन्या झिऑन प्रोसेसरचा. हॅसवेलच्या नव्या सूचना त्याला कळेचनात. ऐन दिवाळी अंकांच्या गडबडीत लॉगमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा: ‘एक्झिटेड ऑन सिग्नल ४’, म्हणजे न कळणारी सूचना आली म्हणून प्रोग्रॅम बंद पडला. अकरापैकी सात गिऱ्हाइकांचे सर्व्हर झोपले. अंधेरीच्या एका मोठ्या कंपनीने आठवड्यात पाच उचलली. “ते लोक पोटमाळ्यावर बांधतात” असं सांगून. पोटमाळा खरा होता हो, पण त्याचा काय संबंध?

काका राहिले. महिनाभर बोलले नाहीत, पण राहिले. पुढच्या वर्षी त्यांनी नवा सर्व्हर घेतला आणि जुना झिऑन टॅक्सीत घालून आमच्याकडे आणला. “याच्यावर चाललं तरच माझ्याकडे पाठव.” तो अजून आहे. पंख्याचा आवाज गिरणीसारखा. पुद्रिएर या पॅकेजं बांधायच्या अवजारातून निघालेलं प्रत्येक पॅकेज आधी त्याच्यावर चालवतो. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरच्या आमच्या बिल्डला, म्हणजे बांधलेल्या प्रतीला, मी तेव्हापासून नाव देतो: ‘प्रेसकाका’.

नवीन मुलांना सांगतो, “कुणाला तरी लागेल” म्हणून चौकट भरू नका. एन्जिनएक्समध्ये १.९.११ या आवृत्तीपासून मॉड्यूल (जास्तीच्या सोयीचा सुटा भाग) वेगळं बांधून हवं तेव्हा लोड करता येतं. डीबगची, म्हणजे चुका शोधायच्या सोयीची, चौकट तर रिकामीच बरी. आणि पोर्ट्समधून (फ्रीबीएसडीवर स्वतः बांधायच्या प्रोग्रॅमांच्या संग्रहातून) बांधलेल्यात फ्रीबीएसडीची अधिकृत पॅकेजं मिसळू नका, पुढच्या अपग्रेडला तुमचे पर्याय गुपचूप पुसले जातात.

२०१७ ला सोडून गेलेलं एक गिऱ्हाईक गेल्या वर्षी परत आलं. मधली वर्षं त्याच अंधेरीवाल्यांकडे होतं. म्हटलं, बघू तरी मोठ्या लोकांनी काय पर्याय निवडलेत. ‘एन्जिनएक्स’पुढे मोठा व्ही दिला; तो दिला की व्हर्जन, बिल्डचं नाव आणि बांधताना दिलेले पर्याय छापून येतात. आमचीच ओळ, आमच्याच क्रमाने, आणि व्हर्जनच्या पुढे कंसात ‘प्रेसकाका’.