प्लग-इन हायब्रिड, हिंदमाता आणि माझे २६ दिवस

आधीच सांगून टाकते, मूळ चूक माझीच होती, कुठे ते पुढे येईलच, पण म्हणून त्या वर्कशॉपवरचा राग काही गेलेला नाही.

गाडी सेकंडहँड घेतलेली प्लग-इन हायब्रिड. पेट्रोल इंजिन आहे आणि प्लगला लावून चार्ज करायची मोठी बॅटरीपण आहे. शिवाजी पार्क ते बीकेसी जाऊन येऊन सगळं बॅटरीवरच होतं, रात्री १५ ॲम्पिअरच्या सॉकेटला लावली की सकाळी फुल्ल. (सोसायटीकडून तो सॉकेट मिळवणं हे वेगळंच महाभारत, ते नंतर कधीतरी.)

जून संपता संपता कलानगरच्या सिग्नलला मीटरवर पिवळा दिवा आला, हायब्रिड सिस्टीम तपासा म्हणून. गाडी बंद करून चालू केली, दिवा गेला. आठवड्यात असं तीनदा झालं आणि तिन्ही वेळा एसी लावून थोडा वेळ झाल्यावरच. हे लक्षात ठेवा, मी ठेवलं होतं. सोमवारी सकाळी गाडी ‘रेडी’ व्हायलाच तयार नाही. शेजारच्या काकांनी सांगितलं आधी छोटी १२ व्होल्टची बॅटरी बघ, ती उतरली तरी या गाड्या काय वाट्टेल ते एरर दाखवतात. सल्ला बरोबरच होता, पण आमची बॅटरी ठणठणीत निघाली. मग फ्लॅटबेड मागवला. टोइंगवाला चाकांवर ओढत न्यायला निघाला होता, मी हात आडवा घातला, कारण चाकं फिरली की मोटर फिरते आणि ती फिरली की वीज तयार होते. चारही चाकं वर हवीत, अडून बसा.

वर्कशॉप नवी मुंबईत. ॲडव्हायझरचं पहिलं वाक्य, “सर नाही आले का मॅडम?” मी म्हटलं गाडी माझी आहे, आणि एसी लावला की हा दिवा येतो. त्याने मान डोलावली आणि जॉब कार्डवर लिहिलं, हायब्रिड वॉर्निंग लॅम्प ऑन. बस. एसीचा ए पण नाही. मग पत्ता बघून डोळे चमकले. “दादर म्हणजे हिंदमाता ना? पाणी भरतं तिथे.” अहो हिंदमाता पूर्वेला, मी राहते पश्चिमेला, आणि गाडी त्या बाजूला फिरकलीपण नव्हती. घाईत होते, सही केली आणि निघाले. कार्डाचा फोटो घरी येऊन नीट वाचला तर खाली दुसरी ओळ, ‘कस्टमर वॉटरलॉगिंग एरियात राहतो.’ राहतो!

मग सुरू झालं ते वाट बघणं. रोज अकराला फोन, रोज तेच, केस टेक्निकलला (म्हणजे कंपनीच्या तांत्रिक टीमकडे) टाकलीये मॅडम. या गाड्यांतल्या हाय व्होल्टेजच्या नारिंगी वायरींना हात लावणारा माणूस हाय व्होल्टेजचं ट्रेनिंग घेतलेला लागतो, ते मान्य, ३५० व्होल्टशी खेळ नाही, मोठी बॅटरी तोडणारा सर्व्हिस प्लग काढल्यावरही वीज साठवून ठेवणारे कपॅसिटर रिकामे होईपर्यंत थांबावं लागतं, घरी कोणी कव्हर उघडून बघायच्या भानगडीत पडू नका. पण तो माणूस पुण्याहून यायचा होता आणि यायला नऊ दिवस लागले. आला, लॅपटॉप लावला, दीड तासात गेला. चार दिवसांनी मेल, आयसोलेशन फॉल्ट, म्हणजे हाय व्होल्टेजची वीज कुठेतरी बॉडीकडे झिरपतेय, संभाव्य कारण पाणी शिरणे, बॅटरी पॅक बदलावा लागेल आणि पाण्यामुळे ८ वर्षांची बॅटरी वॉरंटी लागू नाही. एस्टिमेटमध्ये एक बरी नवी छोटी गाडी आली असती. मी भांडले, मेल केले, वर तक्रार केली. उत्तर काय, तर केस टेक्निकलला टाकलीये. तेव्हा मी खरंच फोन सोफ्यावर फेकलाय.

बाबा हे सगळं पेपरच्या आडून ऐकत होते. ते बेस्टच्या वीज खात्यातून रिटायर झालेत, आयुष्य केबलचे फॉल्ट शोधण्यात गेलं. म्हणाले, “मेगर लावला का त्यांनी? एकेक भाग सोडवून मोजला का?” (मेगर म्हणजे इन्सुलेशन मोजायचं मीटर.) मी म्हटलं काय माहीत. “मग फॉल्ट कुठे आहे ते न बघता अख्खी केबल कोण बदलतं गं?” दुसऱ्या दिवशी छत्री घेऊन माझ्याबरोबर आले. आता सर आले होते, त्यामुळे चहापण आला. बाबांनी शांतपणे हिशोब मांडला, आंतरराष्ट्रीय नियमात इन्सुलेशन व्होल्टमागे किमान साधारण ५०० ओहम धरतात, म्हणजे ३५० व्होल्टला पावणेदोन लाख ओहम, तुमचं रीडिंग किती आणि बॅटरी वेगळी काढून किती? वेगळी काढून मोजलीच नव्हती. मी त्याच खुर्चीत बसून लेखी मागणी लिहिली, चार्जर, इन्व्हर्टर, मोटर, एसी कॉम्प्रेसर, बॅटरी, एकेक सुटं करून मोजा आणि आकडे द्या. हे मी पहिल्या दिवशी का नाही केलं याचाच मला जास्त राग येतो.

त्या मागणीनंतर आठव्या दिवशी फोन आला, आवाज एकदम मऊ. बॅटरी उत्तम. मोटर उत्तम. कॉम्प्रेसरचा कनेक्टर काढला की रीडिंग टुणकन वर, म्हणजे फॉल्ट तिथेच. आणि मग त्याने हळूच विचारलं, “मॅडम, एसीचा गॅस बाहेर भरला होता का?”

भरला होता. एप्रिलमध्ये, माटुंग्याला, माझ्या जुन्या गाडीचा जो भरायचा त्याच एसीवाल्याकडे. बेल्टवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरला जे पीएजी ऑइल घालतात तेच त्याने गॅसबरोबर मारलं. माझ्या गाडीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्याच्या मोटरच्या वाइंडिंग त्या ऑइल-गॅसमध्येच भिजलेल्या असतात, म्हणून तिथे वीज न वाहू देणारं पीओई ऑइलच लागतं. चुकीचं थोडं मिसळलं तरी इन्सुलेशन खाली येतं. गॅस तोच, ऑइल वेगळं, हे मला कुठे माहीत होतं, त्या बिचाऱ्यालाही नसेल. नुसतं फ्लश करून भागणार नाही म्हणाले, त्यामुळे कॉम्प्रेसर, कंडेन्सर, पाइप सगळं माझ्या खिशातून. एसी तसाच बंद ठेवून चालवू का विचारलं तर तेही नाही, मोठी बॅटरी थंड ठेवायला तोच कॉम्प्रेसर लागतो. पैसे भरले. एस्टिमेटच्या मानाने किरकोळच, तरी पोटात दुखलंच.

पण एक सोडलं नाही. ती पाण्याची ओळ गाडीच्या सर्व्हिस हिस्टरीतून लेखी रद्द करून घेतली, त्यासाठी आणखी दोन दिवस गाडी तिथेच ठेवली. उद्या खरंच बॅटरी गेली तर हीच ओळ तोंडावर मारतील. आणि तुमची तक्रार जॉब कार्डवर तुमच्याच शब्दांत लिहून होईपर्यंत सही करू नका, मागे कितीही लाइन असू दे.

हो, एक राहिलंच, बॅटरीवरच फिरत असाल तर टाकीतलं पेट्रोल महिनोन्महिने पडून राहतं, हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला ओल धरायची सवय, त्यामुळे मधेमधे हायवेला अर्धा तास इंजिन नीट तापवा. इंजिन ऑइल किलोमीटर नाही झाले तरी वर्षाला बदला.

२६ व्या दिवशी चावी मिळाली. ॲडव्हायझरने ती बाबांच्या हातात दिली, बाबांनी न बघता माझ्याकडे सरकवली. पावसात उभी राहून ब्रेक डिस्कवर गंज चढला होता, या गाड्यांत रोजचं ब्रेकिंग बरंचसं मोटरच करते त्यामुळे तो घासलाही जात नाही. मानखुर्दपर्यंत खर्रर्र, खर्रर्र. बाबा म्हणाले दाब जोरात, मी तीन-चारदा दाबला तेव्हा आवाज गेला, मागचा टेम्पोवाला जे बोलला ते इथे लिहिता येणार नाही.