चौघांची नावं एका दमात

सोलापुरात जानेवारीचा दुसरा आठवडा म्हणजे नुसती धामधूम. गड्ड्यावर, म्हणजे जत्रेच्या मैदानावर, पाळणे उभे राहिलेले असतात, रात्री नंदीध्वजांचा सराव चाललेला असतो, सिद्धेश्वराची यात्रा तोंडावर आलेली असते. त्यातच बारा जानेवारी येते. १९३१ साली याच तारखेला येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना फाशी दिलं गेलं. सकाळी लोक चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घालायला जातात. आमच्या मोहल्ल्यातल्या मंडळाचा कार्यक्रम मात्र संध्याकाळी, मगरिबची नमाज झाली की, गल्लीतच. दोन सतरंज्या, एक भाड्याचा माईक, लाकडी टेबलावर चौघांचे फोटो. राजकारण म्हणजे काय, हे मला शाळेपेक्षा त्या सतरंजीवर जास्त कळलं.

मंडळ चालवायचे ते चाचा मिलच्या साचेखात्यातून, म्हणजे विणकामाच्या विभागातून, निवृत्त झालेले. त्यांचा एकच नियम होता. नावं घ्यायची तर चौघांची, एका दमात. एका वर्षी बाहेरून आलेले पाहुणे फक्त कुर्बान हुसेनवरच बोलत राहिले. ते ‘गझनफर’ नावाचं वृत्तपत्र चालवायचे, किती तरुण होते, मुसलमानांनी देशासाठी कसं रक्त सांडलं, असं बराच वेळ चाललं. चाचा शांतपणे उठले आणि म्हणाले, “साहेब, बाकीचे तिघे राहिले.” नंतर आम्हा पोरांना जवळ बसवून त्यांनी समजावलं, “आपण पण होतो, हे कुणाला दाखवून द्यायला हा कार्यक्रम नाही. सगळं गाव लढलं. त्यात आपल्या घरचा पोरगा होता.”

ते मला आजही पटतं. कुर्बान हुसेनचं नाव दाखल्यासारखं पुढे करायला लागलं की माझा जीव कासावीस होतो. आपल्याच गावात राहायला दाखला कशाला लागावा?

मग जुनी माणसं १९३०ची हकिकत सांगायची. सहा एप्रिलला नगरपालिकेवर तिरंगा चढला. मे महिन्यात गांधीजींना अटक झाली आणि गाव रस्त्यावर आलं. गोळीबार झाला, माणसं मेली. मंगळवार पेठेच्या पोलीस चौकीवर जे घडलं, त्याचाच खटला पुढे या चौघांवर भरला गेला. मधले काही दिवस गावात इंग्रजांची सत्ताच उरली नव्हती. मग मार्शल लॉ लागला आणि गांधी टोपी घालणंही गुन्हा ठरलं. दरवर्षी तीच गोष्ट, पण सांगणारा बदलला की तिच्यातली गल्ली बदलायची. कुणाचे आजोबा कुठल्या बोळात लपले, कुणाच्या घरी कुणाला भाकरी मिळाली, हे प्रत्येक जण आपापलं जोडायचा.

१९९३चं वर्ष मी विसरणार नाही. मुंबई दंगलीत पेटलेली. घराघरात रेडिओला कान लागलेले. यंदा कार्यक्रम नको, असं बहुतेकांचं मत होतं. अब्बांचंही तेच. चाचांनी फार वाद घातला नाही. संध्याकाळी स्वतःच सतरंजी आणून अंथरली आणि एकटेच बसले. हळूहळू चार जण आले, मग दहा. शेजारच्या गल्लीतून तेलुगू बोलणारे, मागावर काम करणारे दोघे आले. त्यांच्यातल्या एकाने घरून तिळाच्या वड्या आणल्या होत्या. त्या वर्षी भाषण कुणीच केलं नाही. फक्त नावं घेतली, चौघांची, आणि सगळे बराच वेळ बसून राहिले. धाडस हा शब्द मी ऐकते तेव्हा मला ती अंथरलेली सतरंजी दिसते.

बायकांचं सांगायला हवं, कारण ते कुणी सांगत नाही. सुरुवातीला सतरंजीवर फक्त पुरुष असायचे. समोरच्या ओट्यांवर अम्मी, खाला, शेजारच्या बायका सूप मांडीवर घेऊन विड्या वळत ऐकायच्या. पान कापायचं, तंबाखू भरायची, गुंडाळायचं, टोक दुमडून दोरा बांधायचा. हात एकदाही थांबायचे नाहीत, कारण सकाळी कारखान्यात हजार विड्या मोजून द्यायच्या असत. पण कान सगळे माईककडे. घरी गेल्यावर अम्मी अब्बांना वक्त्याच्या चुका सांगायची, आणि त्या खऱ्या असायच्या.

मुसलमानांच्या परिस्थितीवरचा सच्चर समितीचा अहवाल आला त्यानंतरच्या जानेवारीत, म्हणजे २००७ला, मंडळाने त्यावर चर्चा ठेवली. एक प्राध्यापक शिक्षणातल्या गळतीबद्दल चांगलं बोलले. मुली शाळा का सोडतात, असा त्यांनी प्रश्न टाकला. ओट्यावरून खाला म्हणाली, “हमको पूछो ना.” सगळे तिकडे वळले. चाचांनी माईकची वायर सोडवत ओट्यापर्यंत नेली. खाला सूप बाजूला न ठेवताच बोलली. सातवीनंतर शाळा लांब, वाटेत पोरं त्रास देतात, आणि मुलगी घरी बसली तर दिवसाला तीन-चारशे विड्या जास्त होतात. हे तिनं लाजत नाही, हिशेब सांगावा तसं सांगितलं. पुढच्या वर्षीपासून बायका सतरंजीवर आल्या, सुपांसकट. दोन-चार बुजुर्गांनी नाकं मुरडली, पण चाचांपुढे कुणाचं चाललं नाही.

आरक्षणावरची भांडणं तर पुष्कळ झाली. २०१४च्या जुलैत राज्य सरकारने मुसलमानांना पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश काढला, नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने शिक्षणापुरतं ते चालू ठेवायला हरकत घेतली नाही, तरी त्याचा कायदा काही झाला नाही. त्यानंतरच्या जानेवारीत गल्लीत आवाज चढले. आरक्षण जातीवर मागावं, अन्सारी-बागवानांसारख्या बिरादऱ्यांना ओबीसीत मिळतं ते आधी नीट घ्यावं, असं एकाचं म्हणणं. दुसरा म्हणे, तुकडे करून मागाल तर कुणीच ऐकणार नाही. मला पहिलं जास्त पटलं होतं, अजून पटतं. पण समाजाचं एकच मत असतं असं बाहेरून समजणाऱ्यांनी ती संध्याकाळ बघायला हवी होती.

चाचा आता नाहीत. मंडळाचं दप्तर त्यांच्या नातवाकडे आहे आणि कार्यक्रमाची यादी बायका ठरवतात. गेल्या वेळी उर्दू शाळेतल्या एका नववीच्या मुलीने १९३०ची हकिकत मराठीत सांगितली. पहिल्या वाक्याला अडखळली, तेव्हा तिची नानी मागून म्हणाली, “डर नक्को गे, बोल.” मग ती न थांबता बोलली आणि शेवटी समोर बसलेल्या नगरसेवकांना विचारलं, आमच्या शाळेत विज्ञानाची प्रयोगशाळा कधी होणार? त्यांनी तारीख दिली. तिनं ती वहीत लिहून घेतली. यंदा सूत्रसंचालन तिच्याकडेच आहे, आणि नगरसेवकांना पुन्हा बोलवायचं की नाही यावरून मंडळात आत्तापासूनच दोन तट पडलेत.