बोटीचा चार्जर आणि मळ्यातला ढिला न्यूट्रल

गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला आमची शिडाची छोटी बोट असते, मित्रांनी मिळून घेतलेली. हेच पाणी पुढे नाशिककरांच्या नळाला येतं, म्हणून तिच्यावर पेट्रोलचं इंजिन बसवायचं नाही, हे पहिल्यापासून ठरलेलं. वारा पडला की काठाला यायला १२ व्होल्टची इलेक्ट्रिक मोटर आहे. ती पूर्ण वेगाला ५० अँपिअरच्या आसपास ओढते. आमची बॅटरी १०० अँपिअर-अवरची, पूर्ण वेगाला फार तर दोन तास पुरणारी, म्हणजे ती भरलेली नसेल तर शीड उघडायचंच नाही.

चार्जर बोटीत पक्का बसवलेला होता आणि त्याला काठावरच्या नानांच्या द्राक्षमळ्यातल्या शेडमधून लाइन घेतलेली. एका शनिवारी पाहिलं तर चार्जरचा दिवा बंद आणि बॅटरीवर १२.१ व्होल्ट. भरलेली बॅटरी काही तास नुसती ठेवली तर साधारण १२.७ दाखवते, १२.१ म्हणजे निम्मीसुद्धा उरलेली नाही. लेड-ॲसिड बॅटरी अशा अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि गेलेली क्षमता सहसा परत येत नाही. त्यामुळे चार्जरचं काय ते नंतर, आधी बॅटरी उचलून शहरात आणली आणि मित्राच्या चार्जरवर लावली. ती वाचली.

मग जुना चार्जर उघडला. लाइन काढल्यावर लगेच आत हात घालू नये, मोठ्या कपॅसिटरमध्ये झटका बसेल एवढा चार्ज राहतो. आत फ्यूज उडालेला, व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज स्वतःवर घेणारा भाग) काळा पडलेला आणि ४०० व्होल्टचा कपॅसिटर वरून फुगलेला. हे तिन्ही एकत्र दिसले की संशय चार्जरवर नाही, येणाऱ्या लाइनवर घ्यायचा. २३० व्होल्ट एसीचं शिखर ३२५ व्होल्टला असतं, ते ४०० च्या कपॅसिटरला सहज झेपतं. लाइन २९० वर गेली तर शिखर ४१० होतं.

नानांना विचारलं, "नाना, शेडमधला बल्ब कधी जास्त उजेड देतो का?"

"कडबाकुट्टी लावली का लई भक्क होतो. दोन बल्ब गेले बघ त्यात."

मीटर लावून कुट्टी सुरू करायला सांगितली. आमच्या सॉकेटवर २९२. वायरमन दादांनी मेन बोर्ड उघडला, तर न्यूट्रलचा, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेचा, स्क्रू ढिला आणि तार जळून काळी. मळ्यात थ्री फेज आहे, म्हणजे विजेच्या तीन तारा आणि एक न्यूट्रल, सिंगल फेजची उपकरणं वेगवेगळ्या फेजवर वाटलेली. न्यूट्रल नीट असला तर प्रत्येकाला २३०च मिळतात. तो सुटला की दोन फेजवरची उपकरणं एकमेकांच्या सिरीजमध्ये येतात, आणि ज्या फेजवर लोड कमी तिथलं व्होल्टेज चढतं. कुट्टी एका फेजवर, आमचा चार्जर दुसऱ्यावर. नवा चार्जर घाईने आणून लावला असता तर तोही गेला असता, याबद्दल मला शंका नाही. दादांनी जळालेलं टोक कापून नवं थिंबल (तारेच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) लावलं, लाइनवर २७० ला तोडणारा ओव्हर-व्होल्टेज कट-ऑफ बसवला, आणि पाण्याजवळची लाइन म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही, म्हणजे करंट अंगातून जमिनीत जायला लागला की लाइन तोडणारा स्विच. हा आरसीसीबी कुणीही टाळू नये. ओल्या अंगाने आपण त्या बोटीत चढ-उतार करतो.

चार्जर घेताना एका दुकानात घरगुती इन्व्हर्टरच्या पाण्याच्या बॅटरीसाठीचा दाखवला, वर "बारा व्होल्ट म्हणजे बारा व्होल्ट" असं ऐकवलं. तसं नसतं. बोट कलते, म्हणून आमची बॅटरी सीलबंद एजीएम आहे, म्हणजे ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषून ठेवलेली लेड-ॲसिड. तिला १४.४ व्होल्टपर्यंत न्यायचं, करंट कमी होईपर्यंत तिथे धरायचं, मग १३.६ च्या आसपास उतरवून ठेवायचं. पाण्याच्या बॅटरीचे चार्जर कधी कधी १५ च्या वर जातात. एजीएममध्ये उडालेलं पाणी पुन्हा भरता येत नाही. शेवटी तीन टप्प्यांचा, एजीएमचं सेटिंग असलेला, १५ अँपिअरचा घेतला. क्षमतेच्या दहा ते वीस टक्के करंट या बॅटरीला मानवतो. तापमानाचा सेन्सर असलेलाच मागितला, कारण एप्रिलमध्ये आमच्या केबिनमध्ये ४० अंश सहज होतात. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला सुमारे २४ मिलिव्होल्ट कमी करावे लागतात, म्हणजे तेव्हा १४.४ ऐवजी १४.०५ च्या आसपासच हवेत.

जुनी वायर ४ स्क्वेअरची (४ चौरस मिलिमीटर जाडीची) होती, चार्जरपासून बॅटरीपर्यंत तीन मीटर. जाऊन-येऊन सहा मीटरमध्ये १५ अँपिअरला ०.४ व्होल्ट वाटेतच जातात, आणि चार्जरला वाटतं बॅटरी भरत आली. सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये १० स्क्वेअरच्या टिन केलेल्या तांब्याच्या वायरला थिंबलं दाबून घेतली, वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) चढवली. चार्जर बॅटरीच्या डोक्यावर न लावता बाजूला, उभा, चारी बाजूंनी हवा राहील असा बसवला, कारण चार्जिंग बिघडलं तर सीलबंद बॅटरीतूनही हायड्रोजन बाहेर पडतो. ३० अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हला अगदी लागून. तो चार्जरकडच्या टोकाला लावून उपयोग नाही. वायर वाटेत कुठे घासून शॉर्ट झाली तर तिला जाळणारा करंट बॅटरीतूनच येतो.

जोडणीत आधी डीसी पूर्ण केली, शेवटी एसी चालू केली. चार्जरच्या टर्मिनलवर आणि बॅटरीच्या टर्मिनलवर मीटरने मोजलं तर फरक ०.२ च्याही आत. रात्रभर चार्ज करून दुपारपर्यंत बॅटरी नुसती ठेवली, तेव्हा १२.७ दिसले. मग दोरी सोडून मोटरवर काठाकाठाने फेरी मारून आलो.

त्यानंतर एकदा महावितरणच्या लाइनवरच व्होल्टेज चढलं आणि कट-ऑफ पडला, चार्जर शाबूत. ते पाहून नानांनी घरच्या फ्रिज-टीव्हीच्या लाइनलाही तसाच बसवून घेतला.