वाडे आवडतात, मग शंभर मीटरला विरोध का?

हा प्रश्न मला वर्षानुवर्षं विचारला जातो, आणि विचारणाऱ्याचा सूर बहुधा तक्रारीचाच असतो. ‘तुम्ही पेठांमधल्या वाड्यांची मोजमापं घेत हिंडता, नक्षीदार खांब दिसला की भर रस्त्यात गाडी लावून फोटो काढता, आणि शनिवारवाड्याभोवतीची बांधकामबंदी शिथिल करा म्हणणाऱ्यांच्या बाजूने बोलता. हे कसं काय?’ तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी आर्किटेक्ट आहे, पेठांमध्येच काम करतो, त्यामुळे यात माझा स्वार्थ आहे असं काहींना वाटतं. आहेच. बांधकामं निघाली तर मला कामं मिळतील. ते धरूनच पुढचं वाचा.

आधी नियम. केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या कोणत्याही स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. १६ जून १९९२च्या अधिसूचनेने हे ठरलं. मधल्या काळात केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या समितीमार्फत काहींना सवलती मिळाल्या. त्या २००९मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या आणि २०१०मध्ये संसदेने दुरुस्ती करून हे शंभर मीटर थेट कायद्यातच घातले. तेव्हापासून ना महापालिकेला यात सूट देता येते, ना राज्य सरकारला. (निवेदनं मात्र अजून पालकमंत्र्यांकडेच जातात.) नियंत्रित क्षेत्रात परवानगी घेऊन बांधता येतं. प्रतिबंधित क्षेत्रात नवं काही नाही. १९९२च्या आधीपासून उभ्या असलेल्या इमारतीची दुरुस्ती आणि नूतनीकरण तेवढं, तेही अर्ज राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणापर्यंत जाऊन आल्यावर. नियम मोडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

बऱ्याच जणांची समजूत अशी की बंदी उंच इमारतींवर आहे. तशी असती तर मी तोंड उघडलं नसतं. खरी मेख पुढे आहे. जुनं उतरवून त्याच लांबी-रुंदीत, त्याच उंचीत पुन्हा उभं करणं याला कायदा पुनर्बांधणी म्हणतो, आणि शंभर मीटरच्या आत तीसुद्धा चालत नाही. वाडा उभा आहे तोवर टेकू द्या, खांब बदला, कौलं परता. एखाद्या पावसाळ्यात तो बसला की संपलं. होता तेवढाच, होता तसाच, हवं तर त्याच सागाचा बांधतो म्हटलं तरी नाही. मग ढिगारा उचलला जातो, जागा मोकळी पडते आणि महिन्याभरात तिथे दुचाक्या लागायला लागतात.

कसब्यातला एक वाडा सांगतो; ओळख पटेल असं काही लिहीत नाही. दोन चौकांचा वाडा, दगडी जोतं, खाली विटांच्या भिंती, वर पांढऱ्या मातीच्या, सगळा भार सागाच्या खांबांवर. पहिल्या चौकातली पन्हळ कधीतरी फुटली आणि तिचं पाणी वर्षानुवर्षं एकाच खांबाच्या बुडाशी पडत गेलं. तळखड्यापासून, म्हणजे खांबाखालच्या दगडापासून, वीतभर उंचीपर्यंत तो खांब आतून पोकळ झालाय, बोटाने दाबलं तर भुसा येतो. त्याच्यावर तुळई, तुळईवर कडीपाट म्हणजे लाकडी कड्या आणि फळ्या, त्यावर मातीचा थर, त्यावर शहाबादी फरशी, आणि फरशीवर एका आजींचा लोखंडी पलंग. आजी तिथेच राहणार आणि खांब बदलायचा, तर दोन्ही बाजूंनी जॅक लावून तुळई सुतासुताने उचलायची, कुजलेला खांब काढायचा, नवा सरकवायचा आणि तुळई हलके त्यावर टेकवायची. हे जमणारे सुतार अजून आहेत, पण शोधावे लागतात.

इथवर ती दुरुस्ती. पण खांबाला हात घातला की कळतं, शेजारची मातीची भिंत त्याच्यावरच रेलून होती. ती उतरवून पुन्हा रचली तर दुरुस्ती की पुनर्बांधणी? एक भिंत चालेल, मग दोन? वरचा मजला सगळा उतरवून पुन्हा चढवला तर? लेखी उत्तर कोणी देत नाही. तेव्हा मालक हातच लावत नाही, आणि पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका इमारत धोकादायक असल्याची नोटीस दारावर चिकटवून जाते. एक खातं म्हणतं उतरवा, दुसरं म्हणतं उतरवलंत तर पुन्हा बांधायचं नाही.

या वाड्याची आणखी एक गंमत. शंभर मीटर मोजायचे ते स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून, आणि ती रेघ नेमकी दुसऱ्या चौकाच्या उंबऱ्यापाशी येते. मागच्या चौकात परवानगी काढून फ्लॅट होऊ शकतात, पुढच्या चौकात फक्त टेकू. दोघा भावांची वाटणीही तशीच झालेली, पुढचा चौक थोरल्याकडे. दोघांचं बोलणं बंद आहे.

‘मग नुसती नीट दुरुस्तीच करा ना,’ असं म्हणणारे लोक बहुतेक कोथरूडला राहतात. पैसे कोण घालणार? १९४७च्या भाडे कायद्याने गोठवलेली भाडी १९९९च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढू दिली, पण मुळात चहाच्या खर्चाएवढ्या रकमेचे चार टक्के ते किती! पेठांमध्ये इतरत्र वाड्यांचा प्रश्न सुटतो तो बिल्डरच्या हिशेबाने. भाडेकरूंना मालकीची घरं, मालकाला त्याचा हिस्सा, उरलेले फ्लॅट विकून सगळ्यांचा खर्च. शंभर मीटरच्या आत विकायला काही उरतच नाही, म्हणून तिथे बिल्डर फिरकत नाही. भाडेकरूंची पुढची पिढी धायरीला, कात्रजला गेलेली असते आणि हक्क सुटू नये म्हणून खोलीला कुलूप असतं. वाड्याचा सगळ्यात मोठा शत्रू ते कुलूप. राहत्या घरात गळती लागली की कोणीतरी बादली लावतं, आरडाओरडा करतं, माळ्यावर चढतं. बंद खोलीतली गळती दोन पावसाळे कोणाला दिसत नाही.

आता या सगळ्यातून वाचतंय काय, ते बघा. शनिवारवाड्याची पायाभरणी १७३०ची. १८२८च्या आगीत आतलं जवळपास सगळं लाकूडकाम गेलं, उरले तट, बुरूज, दरवाजे आणि जोती. हजारी कारंज्याजवळ उभं राहून पर्यटक विचारतात, इथे आत होतं तरी कसं? उत्तर रस्त्यापलीकडे आहे. सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब, केळफुलं, महिरपी, ओटीमागे माजघर, चौकातून वर गेलेला अंधारा जिना: ही बांधायची रीत लहान मापात का होईना अजून दिसते ती या मोडकळीला आलेल्या खाजगी वाड्यांमध्ये. आणि तटाभोवतीचं मोकळं अंतर जपणारा कायदा या वाड्यांना फक्त अंतरातला अडथळा म्हणून ओळखतो. वाडे आवडतात म्हणूनच मी या नियमाशी भांडतो.

तटाभोवतीचं दृश्य तरी वाचतं का? तेही धड नाही. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांमधले कितीतरी वाडे गेले, आणि पुढच्या तीस वर्षांत तिथे इमारती आल्या. १९९२च्या आधीच्या म्हणून त्या शंभर मीटरच्या आतही कायदेशीर उभ्या आहेत. दिल्ली दरवाजातून बाहेर पडून नजर फिरवली की त्यांच्या ग्रिल आणि पाण्याच्या टाक्या दिसतात. शेजारचा दुमजली वाडा मात्र पडला तर दुमजलीही होणार नाही.

समोरच्या बाजूचं एक म्हणणं मला पटतं, ते आधीच मान्य करतो. नियंत्रित क्षेत्रात परवानग्या मिळाल्या तिथे झालं काय? वाडा गेला, खाली पार्किंग आणि दुकानांची शटरं, वर डबा. गल्लीची रेघ मोडली. बंदी उठवली तर शंभर मीटरच्या आतही हेच होईल, ही भीती अगदी खरी आहे. म्हणून बंदी सरसकट उठवा असं मी कधीच म्हटलेलं नाही. तटाच्या उंचीखाली राहील अशी मर्यादा घाला, दर्शनी भाग गल्लीच्या जुन्या रेघेवर ठेवा, चौक राखणाऱ्याला काहीतरी जादा द्या, आणि पडलेला वाडा त्याच आकारात बांधायला तरी मुभा द्या. त्या आकारात फ्लॅट पाडले तर माझी हरकत नाही. वाड्यात बिऱ्हाडं आधीही होतीच की.

हे अशक्य कोटीतलं नाही. प्रत्येक स्मारकासाठी स्वतंत्र वारसा उपविधी, म्हणजे त्याच्याभोवती काय आणि कसं बांधायचं याचे नियम, करायची तरतूद २०१०च्या दुरुस्तीतच आहे. देशभरात केंद्राची संरक्षित स्मारकं साडेतीन हजारांहून जास्त, आणि मूळ अंतर सगळ्यांना एकच. पाताळेश्वर जमिनीच्या पातळीखाली कोरलेलं, शनिवारवाड्याला उंच तट, दोघांनाही शंभर मीटर. आगाखान पॅलेसपाशी तर याच शंभर मीटरपायी मेट्रोला नगर रस्ता सोडून कल्याणीनगरकडून जावं लागलं. मेट्रोला वळसा घालायला दुसरी जागा होती. संसदेच्या स्थायी समितीनेही २०२३मध्ये या सरसकट अंतराचा फेरविचार सुचवला आहे. तो होईपर्यंत किती वाडे टिकतील, याबद्दल मी फारसा आशावादी नाही.

तुम्ही स्वतः शंभर मीटरच्या आत राहत असाल, तर वाडा १९९२च्या आधीचा असल्याचा पुरावा आजच शोधून फायलीत लावा: घरपट्टीची जुनी पावती, वीजबिल, सिटी सर्व्हेचा उतारा. प्रत्येक खोलीचे तारखेसकट फोटो काढून ठेवा. दुरुस्तीचा अर्ज खांब हलायला लागण्याआधी करा, नंतर तो कागद फिरेपर्यंत खांब थांबत नाही. आणि जून लागायच्या आत पन्हळी साफ करून घ्या. पाणी वाहून जायच्या वाटा साफ करणं हे कायद्याने बांधकामात धरलेलं नाही.