ड्रेसिंग वेगळं मिळेल का?

मॉलच्या फूड कोर्टमधल्या सॅलडच्या काउंटरसमोर मी चाळीस मिनिटं उभी होते. तीन महिने होऊन गेले, तरी आठवलं की राग येतो, म्हणून आज सगळं लिहून काढते. सुट्ट्यांत मॉलमध्ये खरेदीला जाताना नीट खायचं ठरवलेल्या कुणाची तरी ही चाळीस मिनिटं वाचली तर मला बरं वाटेल.

सुट्ट्या लागायच्या आठवडाभर आधी माझा रक्ततपासणीचा रिपोर्ट आला होता. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी ६.१. ही ५.७ ते ६.४ च्या मध्ये आली की मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात असं समजायचं. डॉक्टरांनी गोळी दिली नाही. खाणं आणि चालणं सांभाळा, तीन महिन्यांनी परत बघू, एवढंच म्हणाले. घरी ते जमायला लागलं होतं, कारण घरात ताटात काय पडतं ते माझ्या हातात असतं. मग धाकटी बहीण तिच्या दोन मुलांना घेऊन राहायला आली आणि आमची दिवसभराची खरेदी ठरली.

खरेदी झाली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते सव्वातीनचं. सव्वातीन वाजले हेही मला, "मावशी, भूक लागली" असं भाची म्हणाली तेव्हा कळलं. मॉलच्या आत खिडक्या नसतात, घड्याळ सहसा दिसत नाही आणि दिवसभर उजेड एकसारखा. १९५६ साली अमेरिकेत मिनेसोटामध्ये व्हिक्टर ग्रुएन या आर्किटेक्टनं साउथडेल हा पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित मॉल उभारला, तो तिथल्या कडक हवामानातही लोकांना आरामात फिरता यावं म्हणून. आत हवा सुखाची झाली, पण बाहेरची वेळ कळेनाशी झाली. सकाळी आठला नाश्ता केलेली मी सात तास उपाशी होते. आता मी फोनवर बाराचा गजर लावूनच जाते. बाराला गेलं की बसायला जागा मिळते, आणि काउंटरवरच्या माणसाला आपलं बोलणं ऐकायला वेळ असतो.

त्या दिवशी मी मुद्दाम सॅलडचा काउंटर निवडला. बोर्डावर हिरव्यागार पानांचा, मक्याच्या दाण्यांचा फोटो होता. पंधरा मिनिटं रांगेत गेली. माझा नंबर आला तेव्हा मी सॅलडवर घालतात त्या सॉसबद्दल विचारलं, "दादा, ड्रेसिंग वेगळं मिळेल का?"

"नाही मॅडम, मिसळूनच येतं."

"काय काय असतं त्यात?"

"हेल्दी आहे मॅडम. सॅलड आहे."

कॅलरी किती, साखर किती, मीठ किती, कुठे लिहिलंय का, असं विचारल्यावर त्यानं काउंटरवरच्या क्यूआर कोडकडे बोट दाखवलं. मी स्कॅन केला. बोर्डावरचेच फोटो फोनमध्ये उघडले, आकडा एकही नाही. मग कळलं की सॅलड सुटं मिळत नाही, फ्रेंच फ्राइज आणि कोल्ड्रिंकसोबतच घ्यावं लागतं. मी म्हटलं, फ्राइज असू देत, निदान कोल्ड्रिंकऐवजी पाणी द्या. तर ते बिलात बसेना. सुपरवायझरला बोलावलं. तो फोनवर होता, आठ-दहा मिनिटांनी आला आणि म्हणाला, "सिस्टिममध्ये ऑप्शन नाही, मॅडम." मागचे लोक चुळबुळ करायला लागले होते. बहीण टेबल धरून बसली होती, तिथूनच म्हणाली, "ताई, घे ना जे देतायत ते! एका दिवसानं काय होतंय?"

तिची चूक नव्हती, मुलं भुकेनं रडकुंडीला आली होती. पण सुट्ट्यांमध्ये तो 'एक दिवस' एकदाच येत नाही. त्या पंधरवड्यात आम्ही चार वेळा मॉलमध्ये गेलो. आणि ३३० मिलीच्या साध्या कोला कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्या माणसानं वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या खाली ठेवावी, २५ च्या आत राहिली तर आणखी चांगलं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे मला नको असलेल्या एका पेयातच त्या २५ ग्रॅमची हद्द ओलांडली जात होती.

शेवटी कॉम्बो घेतला, टोकन घेतलं आणि पुन्हा थांबले. सॅलड आलं तेव्हा पानं लिबलिबीत झाली होती आणि वाडग्याच्या तळाला पांढरट तेलकट थर साचला होता. वरून चीज आणि तळलेले ब्रेडचे तुकडे. तेलाच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे १२० कॅलरी असतात. असे किती चमचे माझ्या वाडग्यात होते हे मला तिथे कुणीच सांगू शकत नव्हतं. कोल्ड्रिंकला मी हात लावला नाही. पण पोटात इतकी आग पडली होती की सॅलड पाच-सात मिनिटांत संपलं आणि मग बहिणीच्या पिझ्झ्याचे दोन तुकडेही खाल्ले. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचायला वीसेक मिनिटं लागतात. तो पोचला तेव्हा मला जड वाटत होतं आणि मनापासून वाईटही वाटत होतं. महिनाभर जपलेलं त्या एका टेबलावर सुटलं होतं.

अन्नात काय आहे हे विचारणं म्हणजे नखरे नव्हेत. कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असते, कुणाला रक्तदाबासाठी मीठ मोजावं लागतं, कुणाची साखर वाढलेली असते. पैसे देणाऱ्याला उत्तर मिळायलाच हवं.

दुसऱ्या खेपेला मी आधी सगळ्या फूड कोर्टला एक फेरी मारली, पोट भरलेलं असतानाच. ही फेरी फार उपयोगाची. समोर उभं राहून आपल्यासाठी बनवून देतात असे काउंटर कोणते, ते पाहून ठेवायचं. असाच एक सँडविचचा सापडला. तिथल्या बाईंनी स्वतःहून विचारलं, "ताई, काय नको ते आधी सांगा." अख्ख्या गव्हाचा ब्रेड, भाज्या दुप्पट, सॉस बाजूला, सोबत पाणी. तीन मिनिटांत हातात. मी त्यांचे दोनदा आभार मानले.

सॉसची पुडी मात्र उलटून वाचा. माझ्या पुडीवर ६५ कॅलरी असा आकडा होता, पण तो १५ ग्रॅमच्या एका सर्व्हिंगचा. पुडी होती ४५ ग्रॅमची. म्हणजे १९५.

आणखी एक, ताज्या रसाच्या काउंटरवर फसू नका. एका ग्लासात तीन-चार संत्री जातात, साखर सगळी येते आणि चोथा मागे राहतो. त्यापेक्षा एक अख्खं फळ पर्समध्ये ठेवा, सोबत मूठभर बदाम. बाहेरचं खाणं आत नेऊ देतात का ते मात्र आधी विचारून घ्या. उकडलेली अंडी किंवा दही नेणार असाल तर बर्फाची पिशवी हवी, असे पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त वेळ तसेच बाहेर ठेवू नयेत. निघताना अंडी, दही असा प्रथिनांचा नाश्ता करून गेले त्या दिवशी बारापर्यंत मला खाण्याची आठवणही झाली नाही.

जी मंडळी इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेतात त्यांनी रांगेत भूक मारत उभं राहूच नये. साखर ७० च्या खाली गेली तर लगेच १५ ग्रॅम साखर पोटात जायला हवी, त्यासाठी ग्लुकोज जवळ ठेवा. मलाच हे उशिरा सुचलं, खरं तर सगळ्यात आधी लिहायला हवं होतं.

जेवण झालं की आम्ही बसून राहत नसू. राहिलेली दुकानं जेवणानंतरच घ्यायची, पंधरा-वीस मिनिटं आपोआप चालणं होतं आणि जेवणानंतर चढणारी साखर कमी चढते. परवाच्या तपासणीत माझी एचबीएवनसी ५.८ आली. मला खूप आनंद झाला.

त्या सॅलडवाल्यांना मी घरी आल्यावर ईमेल लिहिला होता. अकराव्या दिवशी उत्तर आलं, सोबत पदार्थांचा तक्ता. सॅलड २१० कॅलरी, ड्रेसिंग २९०. दोन वेगवेगळ्या ओळी, आणि ड्रेसिंगपुढे लिहिलं होतं: 'एक पाकीट'. म्हणजे ते पाकिटातूनच येत होतं आणि आमच्यासमोर वाडग्यात ओतलं जात होतं. तो तक्ता मी फोनमध्ये ठेवला आहे. पुढच्या सुट्टीत बाराला त्याच काउंटरवर जाणार आहे आणि ती ओळ दाखवून पाकीट न फोडता मागणार आहे.