रेस उतरत नाही

शनिवार, रात्र

नखांत अजून काळं आहे. दोनदा साबण लावला, तरी पेट्रोलचा वास जात नाही. पण गाडी आज शांत उभी राहिली, एकेक ठोका मोजता येईल अशी. लिहून ठेवतो, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सगळं खोलत बसेन.

दुखणं महिन्याभराचं. थंड असताना गाडी अगदी शहाणी. चोक ओढा, किक मारा, चालू. दहा मिनिटं फिरवून आणली की मात्र मूठ पूर्ण सोडलेली असूनही इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणारा काटा 2500 वर. शिवाय मूठ पिळून सोडली तर आवाज झटकन खाली यायला हवा, तो वरच रेंगाळायचा, मग रमतगमत उतरायचा. मी काय करत होतो? मूठ सोडल्यावरची रेस ठरवणारा स्लो स्क्रू थोडा बाहेर, म्हणजे रेस कमी. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन बंद पडलं की तोच स्क्रू थोडा आत. महिनाभर हेच. स्क्रूच्या डोक्यावरची खाच गुळगुळीत झाली, दुखणं होतं तिथेच.

बाबांचं निदान ठाम होतं. "टायमिंग बघ. ॲडव्हान्सच्या स्प्रिंगा सैल पडल्या असतील, वजनं परत मिटत नसतील." गाडी मुळात त्यांची, त्यामुळे ऐकावं लागतं. आणि तसं होतंही. वेग वाढला की ही वजनं फाकतात आणि ठिणगी लवकर पडते; ती मिटलीच नाहीत तर रेस चढलेलीच राहते. कव्हर काढलं, वजनं बोटानं फाकवली, सोडली. टपकन मिटली. स्प्रिंगा ठणठणीत.

केबलही लगेच निकालात निघाली. गाडी चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, आवाजात काही फरक नाही. मुठीला मोकळी चाल तीनेक मिलिमीटर. म्हणजे केबल ओढली जात नाहीये.

राहिला कार्बोरेटर, हवेत पेट्रोल मिसळणारा. खरं सांगायचं तर दोष त्याचाच निघावा अशी माझी इच्छा होती. जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक तोटी, उजेडासमोर धरून त्या केसाएवढ्या भोकातून बघायला मला फार आवडतं. मंगळवारी सगळं उतरवलं. पायलट जेटचं भोक स्वच्छ, गोल. चोक पूर्ण बसतोय. आतल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटची उंची बरोबर. मनातून थोडा हिरमुसलोच. तरी सगळं धुऊन परत जोडलं आणि घाईत पिस्टन (कार्बोरेटरचा, मुठीनं वर-खाली होऊन हवेची वाट उघडणारा; इंजिनातला नव्हे) उलटा घातला. त्याचा कापलेला भाग एअर फिल्टरच्या बाजूला हवा. मी इंजिनाकडे केला, त्यामुळे तो खाली बसलाच नाही. किक मारताच गाडीनं जी किंकाळी फोडली, ती चावी फिरवेपर्यंत थांबली नाही. शेजारची एक खिडकी उघडली आणि मिटली.

गुरुवारी प्लग काढला. हे खरं तर पहिल्या दिवशी करायला हवं होतं. टोकाची चिनीमाती पांढरीफटक. विटकरी-तपकिरी रंग चांगला, काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, आणि पांढरा म्हणजे पेट्रोलच्या मानानं हवा जास्त. जेट साफ, फ्लोट ठीक, हवेचा स्क्रू दीड फेरा उघडा. मग ही जादाची हवा येते कुठून? कार्बोरेटरच्या पुढून, इंजिनाच्या बाजूनं. तिथून शिरलेल्या हवेला ना पिस्टन अडवतो ना मूठ. थंडपणी चोकमुळे पेट्रोल जास्त जातं, म्हणून चोरी उघडी पडत नाही. चोक आत ढकलला की पडते.

गरम इंजिनावर पेट्रोल किंवा क्लीनर फवारून लीक शोधणारे लोक मी पाहिलेत. माझी छाती नाही. झाडांवर पाणी मारायची बाटली घेतली, गाडी अंगणात गरम केली आणि कार्बोरेटर व इंजिन जोडणाऱ्या रबरावर वरून, बाजूनं बारीक फवारा मारत गेलो. काही नाही. खालून मारला तसा काटा धाडकन खाली आला, इंजिन अडखळलं, आणि पाणी आत ओढलं गेलं तशी रेस पुन्हा चढली. मी तीनदा तेच केलं. तिसऱ्यांदा नुसतं मजा म्हणून.

रबर काढून हातात घेतलं तर वरकरणी धडधाकट. अंगठ्यानं वाकवल्यावर खालच्या अंगाला दोन बोटं लांब चीर उघडली. सोडलं की बंद. नुसत्या डोळ्यांनी ती कधीच दिसली नसती. मागची ओ-रिंगही दबून चपटी झाली होती, तीही बदलली.

आज नवं रबर बसवून किक मारली. गाडी चालू झाली, चोक काढताच विझली. पुन्हा किक, पुन्हा विझली. मी तिथेच हसत बसलो. महिनाभर चोरट्या हवेच्या भरवशावर मी स्लो उतरवत आणला होता. हवा बंद झाली आणि पिस्टन पार तळाला. स्क्रू दोन फेरे आत घेतला, गाडी गरम केली, हवेचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत आवाज सर्वात गोल लागेल तिथे ठेवला, मग स्लो पुन्हा 1300 वर आणला. मूठ पिळली, सोडली. काटा जिथल्या तिथे.

बाबा आवाज ऐकून बाहेर आले. थोडा वेळ मान तिरकी करून ऐकलं.

"टायमिंगच होतं ना?"

मी हो म्हटलं.