नकाशातले देवमासे जागेवर हवेत

भाचीच्या खोलीसाठी व्हायकिंगांचा, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या दर्यावर्द्यांचा, नकाशा रंगवतेय. तिची पहिली फर्माईश, "मावशी, शिंगवाल्या टोप्या काढ." शिंगं मिळणार नाहीत, मी म्हणाले. ती त्यांच्या डोक्यावर ऑपेरावाल्यांनी चढवली, तीही एकोणिसाव्या शतकात.

व्हायकिंगांचा स्वतःचा एकही नकाशा आपल्या हाती नाही. पण हाउक्सबोक या आइसलँडच्या जुन्या पोथीत नॉर्वेहून ग्रीनलंडला जायची वाट सांगितलीय. नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या हर्नारहून नीट पश्चिमेला निघा. शेटलँड बेटांच्या उत्तरेनं जा, पण इतक्या लांबून की हवा स्वच्छ असेल तरच ती दिसावीत. फेरो बेटांच्या दक्षिणेनं जाताना तिथले डोंगर अर्धे पाण्यात बुडालेले दिसले पाहिजेत. आइसलँड उत्तरेला सोडा, पण तिथले पक्षी आणि देवमासे भेटतील इतपत जवळून. नक्षीचा सगळा मजकूर इथे तयारच आहे! शेटलँड मी पुसट राखाडी ठेवलं, फेरोचे डोंगर कमरेइतक्या पाण्यात उभे केले आणि देवमासे फक्त आइसलँडच्या खाली काढले. रिकामी जागा दिसली की सोडला एक मासा, असं नाही.

रेघांची धाटणी ओलाउस माग्नुस या पाद्र्याच्या 'कार्टा मरीना' या समुद्रनकाशावरून घेतली, १५३९ साली व्हेनिसला छापलेल्या. त्यातला जहाजाला विळखा घालणारा लाल साप मात्र गाळला. मोह खूप झाला, पण तो सोळाव्या शतकातल्या पाद्र्याचा समुद्र, व्हायकिंगांनंतर पाचशे वर्षांचा.

नॉर्वेत ओसेबर्गला सापडलेलं, कोरीव नाळेचं देखणं व्हायकिंग जहाज नॉर्वेच्या किनाऱ्यालगतच राहील. अटलांटिकमध्ये क्नार हवं: रुंद, पोटफुगं मालवाहू गलबत. डेन्मार्कमधल्या रॉस्किल्डेच्या संग्रहालयात त्याचा सांगाडा आहे, सुमारे सोळा मीटर लांबीचा.

कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कोपऱ्यात झेंडा नको, ओंडक्याचा छेद काढलाय. लान्स ओ मेडोज या तिथल्या व्हायकिंग वस्तीत लोखंडी हत्यारानं तोडलेली लाकडं सापडली. ९९३ सालच्या सौरवादळाची खूण त्यांच्या एका वलयात आहे. तिथून सालीपर्यंत २८ वलयं मोजली की येतं १०२१, झाड तोडल्याचं साल. ही वलयं मी बारीक ब्रशनं मोजून काढली, आणि भाचीनं परत मोजली.

स्वीडनमध्ये हेल्गो बेटावर मिळालेली छोटी बुद्धमूर्ती तिला नकाशात हवीच आहे. आपल्या उपखंडाच्या वायव्येकडून गेलेली ना! पण मूर्ती घडली ती व्हायकिंगांच्या आधी दोनेक शतकं, म्हणून ती चौकटीच्या वेलबुट्टीत बसेल, समुद्रात नाही. त्यावर आम्हा दोघींचा वाद अजून चालू आहे.